छायागुरूंचे दोन फोटो

"काळोख दिसतोय का?" माइकवाल्याने विचारलं, आणि हॉलमधली दोनशे-अडीचशे माणसं एका आवाजात ओरडली, "दिसतोय!"

दिसत होताच. मलाही दिसत होता, खोटं कशाला बोलू? दोरीला चिमट्याने अडकवलेल्या ओल्या फोटोत एका बाईची मान होती आणि मानेवर डांबर सांडल्यासारखा काळा डाग. शेजारी दुसरा फोटो. तीच बाई, तीच मान, तीच खुर्ची. डाग साफ गायब! दोन फोटोंमध्ये अंतर किती, तर फक्त पाऊण तासाचं. त्या पाऊण तासात बाईने डोळे मिटून बसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. लोकांनी तोंडात बोटं घातली. माझ्या मागचे एक आजोबा तर उभे राहून टाळ्याच वाजवायला लागले.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा हा वरचा मजला. भिंतीवर 'डबलबेड – सर्व मापांत' अशी पाटी अजून तशीच होती आणि तिच्या बरोब्बर खाली छायागुरू बसले होते. दाढी नाही, जटा नाहीत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, समोर तिपाईवर जुना लाकडी पेटी-कॅमेरा. आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला झोप यावी. बाईच्या मानेवरचा लाल चट्टा नुसत्या डोळ्याला अजून तसाच दिसत होता, पण त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं.

"डोळा कातडी बघतो," गुरू म्हणाले. "कॅमेरा कातडीच्या आतली छाया बघतो. रोग म्हणजे छाया. छाया गेली की रोगाला जावंच लागतं. मालकानेच घर सोडलं, तर भाडेकरू किती दिवस राहील?"

चाळीस वर्षं, मी मनात म्हटलं. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीतला भाडेकरू मालक वारल्यावरही हललेला नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" करायचं आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या फिल्म कॅमेऱ्यांशी खेळायचं, हा माझा धंदा आणि हे माझं वेड. मुदत संपलेली फिल्म, उलटी भरलेली फिल्म, छापखान्यातली फिल्म; जे मिळेल ते कॅमेऱ्यात घालून बघायचं. आमची ही म्हणते, की लग्नाआधी कळलं असतं तर विचार केला असता. एरवी असल्या बाबाच्या दारात मी पाऊलही टाकलं नसतं. पण दुसऱ्या रांगेत माझी ताई बसली होती.

ताईला बारा वर्षांपासून शुगर आहे. नव्या चपलेचा पट्टा डाव्या करंगळीपाशी घासला, फोड आला, फोडाची जखम झाली आणि ती काही भरेना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज ड्रेसिंग, रोज इन्सुलिन, दर आठवड्याला मला पाय दाखवायचा. हयगय केलीत तर पाय जाईल." ताई नेमाने करतही होती. मग शेजारणीने तिला इथे आणलं. पहिल्या फोटोत जखम कोळशासारखी काळी आली, दुसऱ्यात जखमच नाही. गुरू म्हणाले, "सुईने छाया डिवचली जाते." झालं! इन्सुलिन बंद, ड्रेसिंग बंद, आणि पायाला घट्ट पांढरं फडकं, जे चाळीस दिवस सोडायचं नाही. आज एकोणिसावा दिवस होता आणि मला हे काल समजलं. तेही भावोजींनी कौतुकाने फोन केला म्हणून.

"तू फोटोतला जाणकार," भावोजी म्हणाले होते. "एकदा येऊन बघच." भावोजी निवृत्त हेडक्लार्क. हयातभर कागदावर जे आलं ते खरं, असं मानत आलेला माणूस.

म्हणून मी आलो होतो आणि आल्यापासून माझं डोकं फिरलं होतं. दारातच मोबाइल काढून घेतले. का, तर म्हणे मोबाइलच्या लहरींनी छाया बिथरते. बिथरणारच! मोबाइलने काढला असता तर डाग दोन्ही फोटोंत दिसला असता ना. दुसरी गोष्ट, कॅमेरा एक, पण फिल्मच्या चपट्या पेट्या दोन रंगांच्या. पहिल्या फोटोला नेहमी काळी पेटी, दुसऱ्याला नेहमी पांढरी. तिसरी गोष्ट, दुसऱ्या फोटोच्या वेळी गुरू भिंगासमोर दोन्ही तळवे धरून काहीतरी पुटपुटायचे आणि तळवे बाजूला घेईपर्यंत भिंग कुणाला दिसायचं नाही. आणि त्यांची नखं! पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या त्या माणसाची नखं तपकिरी होती. वर्षानुवर्षं डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनात, बोटं बुडवल्याशिवाय नखांना तो रंग चढत नाही. माझीही थोडी तशीच आहेत.

फोटो धुवायला गुरू मागच्या खोलीत जायचे. मी मुद्दाम त्या दाराजवळची खुर्ची धरली. पहिला फोटो धुताना दाराखालच्या फटीतून सुरुवातीपासून लाल उजेड येत होता. दुसऱ्याच्या वेळी आधी बराच वेळ मिट्ट काळोख, आणि मग कुठे लाल दिवा लागला. एकाच कामाला दोन तऱ्हा कशाला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पण खरी ठिणगी पडली ती त्या बाईच्या ओठांमुळे. मी दोरीजवळ जाऊन निरखून बघितलं. पहिल्या फोटोत मान काळी होती, तसेच ओठही काळे होते. दुसऱ्यात मान स्वच्छ आणि ओठ इतके पांढुरके की तोंड पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. रोग मानेला ना? मग ओठांनी काय घोडं मारलं होतं?

असले काळे ओठ मी आधी पाहिले होते. माझ्याच बायकोचे.

दोन वर्षांपूर्वी एक छापखाना बंद झाला तेव्हा तिथल्या फिल्मचा एक डबा मी उचलून आणला होता. पुस्तकांची पानं छापायच्या प्लेटा बनवायला ती फिल्म वापरायचे. मी हौसेने तिच्यावर हिचा फोटो काढला, डेव्हलपरमध्ये भरपूर पाणी घालून जपून धुतला. आणि आला काय? ओठ शाई प्यायल्यासारखे काळेकुट्ट, गालावर कधी नव्हते ते डाग. चार दिवस ही माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "देवी आलेल्या बाईसारखी दिसते मी. फाडा तो." ती फिल्म लाल रंगाला आंधळी असते. लाल तिला दिसतच नाही, म्हणून लाल वस्तू फोटोत काळी येते. म्हणूनच ती लाल दिव्याखाली बिनधास्त धुता येते. साधी फिल्म मात्र लालही बघते, म्हणून ती लाल दिव्यात खराब होते आणि तिला पूर्ण काळोख लागतो; ती धुऊन झाली की फोटो कागदावर छापायला मात्र लाल दिवा चालतो.

मी घरी पळत आलो.

"तुझी लिपस्टिक दे."

"कशाला?" ही म्हणाली. "आता काय राहिलंय तुमचं करायचं?"

सगळं सांगितल्यावर मात्र तिने स्वतःच माझ्या हातावर लाल ठिपके काढले. बाथरूमच्या खिडकीला घोंगडी लावली. एक फोटो छापखान्याच्या फिल्मवर काढला. दुसरा साध्या फिल्मवर, पण भिंगापुढे गडद लाल काच धरून. लाल काचेतून फक्त लाल उजेड आत जातो. गोरी-सावळी कातडी लाल उजेड भरपूर परत फेकते, लाल ठिपकाही तेवढाच फेकतो. दोघं एकसारखे उजळ, मग वेगळं दिसायचं कसं? तासाभराने दोन्ही फोटो दोरीवर टांगले. पहिल्यात हातावर डांबराचे ठिपके. दुसऱ्यात हात स्वच्छ.

"अगं बाई!" ही म्हणाली. "एवढंच?"

एवढंच. संध्याकाळी दोन्ही फोटो घेऊन ताईकडे गेलो. वाटलं होतं, दाखवले की काम फत्ते. मूर्ख मी.

ताईने फोटो बघितले आणि बाजूला ठेवले. "तू लिपस्टिक लावलीस. माझी जखम होती. तुझं नाटक आणि माझं दुखणं एक कसं रे?"

"ताई, रंग तोच आहे ना! लाल!"

"तुला बघवत नाही," भावोजी म्हणाले. "तू इतकी वर्षं फिल्मा वाया घालवतोस, त्यांना सिद्धी मिळाली."

"भावोजी, कसली सिद्धी? त्या माणसाने छापखान्यात नोकरी केलेली असणार, दुसरं काही नाही!"

ताई शांतपणे म्हणाली, "लहानपणापासून मला कोण सांगत आलंय, कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणून? तूच ना?"

प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात छाती फुगवून हे वाक्य मीच फेकायचो. कॅमेरा खरंही बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही. त्यात घालाल ती फिल्म, लावाल ती काच, तसं तो दाखवतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण ते वाक्य ऐकायला झकास वाटायचं ना! माझी मलाच लाज वाटली.

"आजचा फोटो बघ, तू गेल्यावर काढलेला," भावोजींनी पुढे केला. "एवढा एक ठिपका उरलाय. गुरू म्हणाले, शेवटची छाया. फोटोपुरतं फडकं त्यांनी पडद्याआड स्वतः सोडलं आणि हिचे डोळे मिटलेले असतानाच परत बांधलं. रोग्याने बघायचं नसतं, घरच्यांनीही नाही."

पांढऱ्या पेटीतला फोटो. करंगळीपाशी जखम नव्हती, म्हणजे लाल काचेने ती पुसली होती. पण करंगळीच्या टोकाला वाटाण्याएवढा काळा ठिपका होता आणि शेजारच्या बोटाला किंचित काळी किनार.

लाल काचेतून लाल नाहीसं होतं. जे खरोखर काळं असतं ते जात नाही. म्हणजे ताईच्या पायावर आता खरोखरच काहीतरी काळं होतं.

"ताई, फडकं सोड. आत्ताच्या आत्ता सोड."

"अजून एकवीस दिवस सोडायचं नाही."

"दुखतंय का?"

"आठवड्यापासून अजिबात दुखत नाही," ती हसून म्हणाली. "बघ, गुण आला."

मी तिच्या पायाला हात लावायला गेलो तर तिने पाय साडीखाली ओढून घेतला. मोठ्या बहिणीचा पाय जबरदस्तीने ओढणार कसा? बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुखत नाही ही चांगली खूण नाही. आज आणता आलं तर आजच आणा." परत आत गेलो, विनवण्या केल्या, ओरडलो, शेवटी रडलोसुद्धा. ताई ऐकेना. एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी गुरूंसमोर विचार काय ते. ते चुकले तर मी येईन."

शब्द दिला की ताई फिरत नाही.

सकाळी नऊ वाजता हिने माझ्या मानेवर पुरळ रंगवलं. लिपस्टिक, वरून थोडी पावडर, कडा बोटाने पुसट केलेल्या. आरशात बघून मीच दचकलो. दहा वाजता मी छायागुरूंच्या खुर्चीत बसलो होतो. ही चौथ्या रांगेत, ताई आणि भावोजी दुसऱ्या रांगेत. ताईने माझ्या मानेकडे बघितलं आणि तिचा चेहरा काळजीने उतरला. मला वाईट वाटलं.

गुरू दोन हात अंतरावर उभे राहून म्हणाले, "जुना विकार आहे."

"तीन वर्षं झाली," मी पडेल आवाजात म्हणालो.

"रक्तातली छाया. आतड्यापासून निघालेली."

काळी पेटी. फोटो. मग पाऊण तास डोळे मिटून बसणं. गुरू माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगत होते, "जाऊ दे... सोड तिला... जाऊ दे..." मग पांढरी पेटी, भिंगासमोर तळवे, पुटपुट. पुन्हा वाट बघणं. अखेर दोन्ही फोटो दोरीवर आले. पहिल्यात मानेवर डांबर, दुसऱ्यात मान लख्ख.

"काळोख गेला का?" माइकवाला ओरडला.

"गेला!"

"तीन वर्षांचा रक्तदोष!" गुरू म्हणाले. "तुमच्या डोळ्यांदेखत गेला. आता शरीरावरची खूण चाळीस दिवसांत जाईल."

"चाळीस दिवस कशाला?" मी म्हणालो. खिशातून चष्मे पुसायचं औषध आणि रुमाल काढला आणि मान खसाखसा पुसली. रुमाल लाल झाला, मान कोरी. चौथ्या रांगेतून ही उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "अहो गुरू, तो रक्तदोष मी आज सकाळी नऊ वाजता काढलाय. लिपस्टिकने."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसूच पसरलं. कालचे टाळ्या वाजवणारे आजोबा सगळ्यात मोठ्याने हसत होते.

"कट आहे हा!" गुरूंचा मऊ आवाज एकदम चिरका झाला. "अश्रद्ध माणसाने छाया दूषित केली! माइक बंद करा!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

"माइक लागत नाही मला," मी म्हणालो. "फोटो काढताना ह्यांनी तळव्यात काय लपवलं होतं ते दाखवायला सांगा."

गुरूंनी खिशातलं काहीतरी मुठीत घेतलं आणि ते मागच्या दाराकडे सरकले. माइकवाल्यानेच त्यांचा हात धरला. बिचारा, त्याची आईही इथे औषध सोडून बसली होती, हे मला मागाहून समजलं. गुरूंच्या मुठीतून गोल लाल काच निघाली. मी ती उंच धरली, मग एका कागदावर लाल पेनने मोठ्या अक्षरांत 'रोग' असं लिहिलं आणि पहिल्या रांगेत दिलं. "काचेतून बघा. मग काच काढून बघा. पुढे द्या."

"गेलं!" पहिली बाई ओरडली. "अक्षरं गेली! ... आली! ... परत गेली!"

काच हातोहात फिरायला लागली. मी छापखान्याच्या फिल्मचं, काळ्या-पांढऱ्या पेट्यांचं, दाराखालच्या उजेडाचं, सगळं सांगत गेलो. पण माझं लक्ष दुसऱ्या रांगेकडे होतं. भावोजींनी कागद बघितला, काच डोळ्याला लावली, काढली, परत लावली. चार वेळा. मग काच ताईच्या हातात ठेवली.

ताईने कागदाकडे बघितलंच नाही. ती वाकली आणि स्वतःच्या हाताने फडक्याची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडवली. आजूबाजूच्या बायका वास येऊन मागे सरकल्या. ताईने काच डोळ्यासमोर धरून पायाकडे बघितलं, मग काच खाली ठेवली आणि पुन्हा बघितलं.

"हे काळं कधी झालं रे?" तिने मला विचारलं.

मी तिला उचललं. भावोजी पुढे धावले, रिक्षा थांबवली. मागे हॉलमध्ये आरडाओरडा चालला होता, गुरूंचं काय झालं ते बघायला मी थांबलो नाही. नंतर कळलं की पोलीस आले, कॅमेरा आणि पेट्या जप्त झाल्या आणि गुरू एका छापखान्यात, प्लेटांसाठी पानांचे फोटो काढणाऱ्या कॅमेरा खात्यात, सतरा वर्षं नोकरीला होते.

ताईची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठवडा गेला असता तर गुडघ्यापर्यंत पाय कापायला सांगितलं असतं.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो होतो. भावोजी खिडकीशी उभे होते, हातात तिच्या इन्सुलिनचं वेळापत्रक. ताईने पायाच्या पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अरे, एकोणीस-वीस दिवस मी कागदाकडे बघत बसले. पाय माझ्याच अंगाला होता. एकदा खाली वाकून बघायचं होतं फक्त." आणि ती रडायला लागली. भावोजींनी वेळापत्रक खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

वाचणाऱ्यांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. लाल पारदर्शक कागद दोन रुपयांना मिळतो, लाल पेन घरात असतं. करून बघा. जो तुम्हाला म्हणेल, तुमचे डोळे मिटा आणि माझ्या डोळ्यांनी बघा, त्याला आधी त्याची मूठ उघडायला सांगा. आणि तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर आज झोपायच्या आधी त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन, चांगल्या उजेडात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट बघा.